मशीनला दोष देण्याआधी: घरच्या शिवणकामातल्या या चुका टाळा

दुपारी दोननंतर आमच्या लातूरच्या घरी शिवण शिकायला चार-पाच जणी येतात. कोणाला बाजारची पिशवी शिवायची असते, कोणाला भाचीच्या रुखवतासाठी तोरण आणि आसन करायचे असते, तर कोणाला सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. कामे वेगवेगळी असली तरी चुका मात्र त्याच त्या असतात, आणि त्या सांगून सांगून आता माझा घसा बसला आहे, म्हणून लिहून काढत आहे. बिघडलेले काम समोर आले की मी मशीनकडे पाहतही नाही. कापड भिजवले होते का आणि दोरा कसा ओवला होता, हे दोनच प्रश्न आधी विचारते, आणि बहुतेक वेळा पुढचे काही विचारावे लागत नाही.

कोरे कापड न भिजवता कापणे

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे, कारण ती मी स्वतः केलेली आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येऊ लागले. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकरची वाट पाहत घागरी, ड्रम, अगदी माळ्यावरची घंगाळीसुद्धा रांगेत लागलेली असत. नेमके त्याच दिवसांत मी पुतणीच्या नव्या घरासाठी चार पडदे शिवून देण्याचे कबूल केले होते. दहा मीटर सुती कापड आणले. ते नीट भिजवायला निदान दोन बादल्या लागणार होत्या, आणि ज्या घरात भाजी धुतलेले पाणी भांड्यांना आणि भांड्यांचे पाणी संडासात जात होते, तिथे पडद्याच्या कापडाला दोन बादल्या देणे मला पाप वाटले. मी कापड तसेच कापले, मागे सिंथेटिक अस्तर लावले, इस्त्री करून पडदे पोहोचते केले आणि शाबासकीही घेतली.

त्या वर्षी पुढे पाऊस चांगला झाला. दिवाळीच्या तोंडावर पुतणीने पडदे पहिल्यांदाच धुतले. सुती कापड चार इंचांनी आखडले, अस्तर होते तेवढेच राहिले, आणि चारही पडद्यांच्या खालून ते साडीखालून परकर दिसावा तसे डोकावू लागले. पुतणी बिचारी एवढेच म्हणाली, “असू द्या की काकू, कोण बघतंय खाली.” तिने चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते. मी पडदे घरी आणले, सगळ्या खालच्या दुमडी उसवल्या आणि अस्तर कापून पुन्हा शिवले. पडदे मात्र जमिनीपासून चार इंच वरच राहिले, ते काही मला खाली आणता आले नाहीत.

असे का होते, हे एकदा समजून घेतले की कंटाळा कमी होतो. कापड विणताना आणि त्यानंतर कारखान्यात त्याला अंतिम रूप देताना धागे ताणलेले असतात. पाणी लागले की सुताचा धागा फुगतो, ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ जागी परत येते. साध्या सुती कापडात तीन ते पाच टक्के घट सहज येते. ऐकायला हे थोडे वाटते, पण सात फुटांचा पडदा म्हणजे ८४ इंच, आणि त्याचे पाच टक्के म्हणजे चार इंचांहून जास्त.

साडीच्या फॉलचेही हेच आहे. कोरा सुती फॉल तसाच लावायचा, साडी एकदा धुवायची आणि मग काठ गोळा झाला म्हणून साडीवाल्याला नावे ठेवायची, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता फॉल हातात घेतल्याबरोबर मी तो पाण्यातच टाकते. रात्रभर भिजवावा, न पिळता सावलीत वाळवावा, किंचित ओलसर असताना इस्त्री करावी आणि मगच साडीला लावावा. पाण्याची चणचण असेल तर कापड, फॉल आणि अस्तर एकाच बादलीत भिजवता येते, मात्र रंग जात नाहीत याची आधी खात्री करावी. खळ उतरलेले पाणी अंगण धुवायला चालते.

रंगाची खात्री करण्यासाठी पांढरे ओले फडके कापडावर ठेवून त्यावरून गरम इस्त्री दाबावी. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड पांढऱ्या किंवा मोतिया कापडाशेजारी शिवूच नये. पाण्यात मूठभर मीठ टाकले की रंग पक्का होतो असे सांगणाऱ्या बायका प्रत्येक गल्लीत असतात. मीठ कापड रंगवताना कामाला येते. रंगवून बाजारात आलेल्या कापडाचा सुटणारा रंग त्याने थांबत नाही.

खालून दोऱ्याचा गुंता आणि बॉबिनवर राग

कापडाच्या वरच्या बाजूला टीप बरी दिसते, आणि उलटून पाहावे तर खाली दोऱ्यांचे घरटे झालेले असते. गुंता खाली दिसतो म्हणून चूक खालच्या बॉबिनची, म्हणजे खालचा दोरा गुंडाळलेल्या रिळाची, असा सरळ हिशेब प्रत्येक नवशिकी करते आणि ती बॉबिन ज्यात बसते त्या बॉबिन केसचा स्क्रू पिळायला घेते. हा हिशेब नेमका उलटा आहे.

मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. सुई वरचा दोरा खाली नेते, शटल त्याचा फास पकडून बॉबिनभोवती फिरवते, आणि मग मशीनच्या तोंडाशी वर-खाली होणारा दांडा तो फास ओढून परत वर घेतो. वरच्या दोऱ्याला ताण नसेल तर फास वर ओढलाच जात नाही, तो खालीच लोंबत राहतो. म्हणजे खाली दिसणारा गुंता वरच्या दोऱ्याचा असतो. पटत नसेल तर मी करते तसे करून पाहावे: वर लाल दोरा ओवावा, खाली पांढरा भरावा आणि फडक्यावर वीतभर टीप मारावी. खालचे घरटे लाल निघते, आणि मग वाद घालायला काही उरत नाही.

वरच्या दोऱ्याचा ताण जातो कुठे, तर बहुधा ओवण्यातच. दोरा ताणाच्या दोन चकत्यांच्या मधून जावा लागतो. कापड दाबून धरणारा फूट खाली असताना या चकत्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, त्यामुळे तेव्हा ओवलेला दोरा त्यांच्यामध्ये न शिरता वरच्यावर तरंगतो. फूट वर उचलला की चकत्या सैल होतात आणि दोरा आत बसतो. म्हणून ओवताना फूट वर असावा, आणि ओवून झाल्यावर फूट खाली करून सुईजवळचा दोरा बोटाने ओढून पाहावा. तो अडकत अडकत यायला हवा. सुळकन आला तर पुन्हा ओवावे.

दोन वर्षांपूर्वी एक नवी सून तिच्या मशीनचे मुंडके ऑटोत घालून माझ्याकडे घेऊन आली होती. घरात सगळ्यांनी मिळून ते मशीन निकालात काढले होते. दोन दिवस तिने आणि तिच्या दिराने आळीपाळीने बॉबिन केसचा स्क्रू पिळला होता, आणि तो तिळाएवढा स्क्रू शेवटी निघून सतरंजीत कुठेतरी पडला होता. मी फूट उचलला, दोरा काढून पुन्हा ओवला, माझी बॉबिन केस घातली आणि मशीन चालवून दाखवले. ओवण्याला मिनिटसुद्धा लागले नाही. स्क्रू शोधण्यात मात्र पूर्ण दुपार गेली, आणि तो अखेर फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाला लागून सापडला. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या मुलींना पहिला महिना बॉबिनच्या स्क्रूला हात लावण्याची परवानगी नाही.

केसचा ताण पाहायचाच असेल, तर दोऱ्याचे टोक धरून भरलेली बॉबिन केस हवेत लोंबत सोडावी आणि हाताला हलकासा झटका द्यावा. ती थोडी खाली येऊन थांबली तर स्क्रू जिथे आहे तिथेच राहू द्यावा. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोके पहिले तीन टाके होईपर्यंत मागे धरून ठेवावीत, म्हणजे सुरुवातीचा गुंताही होत नाही. मशीनमध्ये मशीनचेच तेल घालावे. खोबरेल तेलाने मशीन आठवडाभर गुळगुळीत चालते आणि नंतर आतून चिकटून बसते.

सुई मोडेपर्यंत वापरणे

पातळ मलमल आणि रेशमाला ११ नंबरची सुई, रोजच्या सुती कापडाला १४, जीन्स आणि जाड पिशवीला १६. सुई मोडली नाही म्हणजे ती चांगली आहे, असा आपल्याकडे समज आहे. कापडात शिरताना सुईचा टकटक आवाज येऊ लागला किंवा मध्येच टाके सुटू लागले की ती बोथट झाली असे समजावे. एका सुईची किंमत अर्ध्या कप चहाएवढीही नसते. मी प्रत्येक मोठ्या कामाला नवी सुई लावते, आणि मला कोणी उधळी म्हटले तरी चालते.

जपून कापायचे कापड साध्या कापडासारखे कापणे

रुखवतासाठी आणि भेटीसाठी आता सगळ्यांना खणाच्या नाहीतर हिमरूच्या पर्स हव्या असतात. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अरुंद असतो, हे विसरून साध्या कापडाच्या मापाने मीटर मोजले की शेवटी एक बाजू कमी पडते. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूचे, म्हणजे तिथल्या नक्षीदार विणीच्या कापडाचे, दुखणे वेगळे आहे. त्याच्या मागच्या बाजूला नक्षीचे सुटे धागे असतात, आणि कात्री लागली की ते भराभर निघू लागतात. मी कापण्याच्या रेषेच्या आत आधी मशीनच्या दोन टिपा मारून घेते, मगच कापते, आणि माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचे कापड, नेहमीपेक्षा दुप्पट ठेवते. आजीच्या पैठणीला कात्री लावण्यापूर्वी तर एक रात्र जाऊ द्यावी. रेशमात टाचणीने पडलेले भोक बुजत नाही, म्हणून टाचण्या फक्त मायेच्या भागातच टोचाव्यात आणि जरीवर थेट इस्त्री फिरवू नये.

गोधडीचे थर न बांधता शिवणे

आमच्याकडे वाकळ शिवणाऱ्या म्हाताऱ्या आधी घर झाडून घेत, लुगडी जमिनीवर ताणून पसरत, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, जे जड सापडेल ते ठेवत आणि वीतवीतभर लांब कच्चे टाके घालून सगळे थर एक करत. धावदोरा त्यानंतर सुरू होई. आताच्या मुलींना कच्चे टाके म्हणजे वाया गेलेला वेळ वाटतो, कारण ते शेवटी उसवूनच टाकायचे असतात. ते न घातल्यामुळे आतले लुगडे सरकून एका कोपऱ्यात गोळा होते आणि ते नीट करायला सगळी गोधडी उसवावी लागते, यात किती वेळ जातो हे त्यांनी मला एकदा मोजून सांगावे. सुती थरांवर झुळझुळीत पॉलिस्टरची साडी लावण्याचा मोहही टाळावा. ती सरकते, आणि उन्हाळ्यात अंगाखाली नकोशी होते.

थोडक्यात सांगण्याजोगे

पिशवीचा बंद तोंडाशी एका टिपेवर लावू नये. टोक दोन इंच खाली आणून त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली मारावी. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून घरोघरी पिशव्या शिवल्या जातात, आणि पाच किलो ज्वारी घेतली की त्यांतल्या निम्म्यांचे बंद दुकानाच्या पायरीवरच हातात येतात.

गळ्याला सरळ पट्टी लावू नये, उरेबच, म्हणजे कापडावर तिरपी, कापावी. गोल शिवणीला टिपेपासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, अंतर राखून कात्रीने खाचा द्याव्यात, नाहीतर उलटवल्यावर चुण्या पडतात. प्रत्येक टीप मारल्यावर इस्त्री करावी. सगळी इस्त्री शेवटी एकदाच करू म्हणणारीचे काम मला दुरूनही ओळखू येते. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या जाऊ नयेत म्हणून कापड दुहेरी घालावे. हत्ती-मोरांच्या छापाचे कापड असेल तर कापण्यापूर्वी हत्तीचे पाय कुठे आहेत ते पाहावे.

बारशासाठी टोपडे शिवताना बाळाचे आजचे माप घेऊ नये. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटीमीटर असतो आणि वर्षभरात तो ४५-४६ पर्यंत जातो, त्यामुळे टोपडे सैल ठेवून मागे नाडी द्यावी. कुंचीला मणी, आरसे आणि बटणे लावू नयेत. ती बाळाच्या तोंडात जातात. कापडाची फुले करून ती शिवावीत, चिकटवू नयेत.

चिकटवण्यावरून आठवले. ग्लू गनने केलेली तोरणे रुखवतात दोन तास छान दिसतात. पुढे मे महिन्यात पश्चिमेच्या दारावर ऊन आले की डिंक मऊ पडतो आणि एकेक पान उंबऱ्यावर सापडू लागते. ज्यांना दोन तासांपुरतेच तोरण हवे आहे, त्यांनी ग्लू गन अवश्य वापरावी.

कापडाची कात्री कागदाला लावू नये. माझ्या कात्रीला लाल नाडा बांधलेला आहे आणि ती मशीनमागच्या खिळ्याला असते, हे आमच्या घरात तीन वर्षांच्या नातवालाही माहीत आहे. तरीही गेल्या महिन्यात ती मला नारळाच्या शेंडीवर चालताना दिसली. कोणाच्या हातात होती ते मी इथे लिहीत नाही, कारण मला याच घरात राहायचे आहे.