फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष : अ‍ॅनाटॉमी आणि फिजिओलॉजी एकाच पद्धतीने करू नका

अ‍ॅडमिशनचा सीझन आला की ओळखीपाळखीच्या मुलांचा ठरलेला प्रश्न येतो, अ‍ॅनाटॉमीला पुस्तक कुठलं घेऊ? सीनियरकडचं मिळालं तर ते घ्या, नाही तर लायब्ररी आहेच. खरी अडचण वेगळीच असते. नीटसाठी एमसीक्यू सोडवून आलेल्या मुलासमोर अ‍ॅनाटॉमी (शरीराची रचना) आणि फिजिओलॉजी (शरीराचं काम) एकदमच येतात आणि तो दोन्ही सारखेच करायला बसतो : वाचायचं, हायलायटर मारायचा, पाठ करायचं. अ‍ॅनाटॉमी हात लावून करायचा विषय आहे, फिजिओलॉजी ‘बरं, मग पुढे?’ असं विचारत करायचा. एवढं पहिल्या महिन्यात पटलं तर वर्ष बरंच हलकं जातं.

आधी डिसेक्शन हॉलबद्दल, म्हणजे जिथे देह उघडून शिकवतात त्या खोलीबद्दल, कारण भीती सगळ्यांना त्याचीच असते. देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनचा वास नाकात जातो, डोळे चुरचुरतात, पाणी येतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा. केस घट्ट बांधा, पुढून बंद असलेले बूट घाला, आणि हॉलमधला अ‍ॅप्रन वेगळाच ठेवा, तो घालून कँटीनला जाऊ नका. नाश्ता मात्र करूनच जा. ‘पोटात काही नसलं तर उलटी होणार नाही’ हा सल्ला होस्टेलवर हमखास मिळतो. तो ऐकणारीच मुलं बऱ्याचदा टेबलाशी डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसतात. शेजारच्याला घाम फुटला, चेहरा पांढरा पडला तर त्याला उभं धरून ठेवू नका. आडवं करा, पाय वर उचला. असं का, हे खाली फिजिओलॉजीत येईल.

टेबलावरचा देह कुठून येतो हे माहीत असावं. महाराष्ट्रात याला 1949 च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याचा आधार आहे. काही देह बेवारस असतात, काही देहदानाचे. देहदान करणाऱ्याने हयातीत फॉर्म भरलेला असतो आणि तो गेल्यावर घरची माणसं दुःख बाजूला ठेवून कॉलेजला कळवतात. म्हणून हॉलमध्ये फोन बाहेर काढायचा नाही आणि टेबलावर विनोद करायचे नाहीत. हे कुणी ओरडून सांगायची वेळ येऊ देऊ नका.

पहिल्यांदा बघाल तेव्हा पुस्तकातला लाल-निळा-पिवळा रंग कुठेच सापडणार नाही. सगळं करडं, तपकिरी, चरबीने माखलेलं. डेमोच्या वेळी मागे उभं राहिलात तर काहीच दिसत नाही, तेव्हा पुढे घुसा. आणि बोटाने चाचपा. नर्व्ह (मज्जातंतू) भरीव दोरीसारखी लागते, दाबून चपटी होत नाही. आर्टरीची (धमनीची) भिंत जाड, कापलेलं तोंड गोल उघडं राहतं. व्हेन (शीर) मात्र हवा गेलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी चपटी पडलेली असते. हा फरक बोटांना कळला की निम्मं स्पॉटिंग, म्हणजे टेबलावरचा भाग ओळखायची परीक्षा, तिथेच जमतं. चरबी साफ करायचं काम कंटाळवाणं असतं, सगळे ते टाळतात. पण चिमट्याने हळूहळू साफ करणाऱ्यालाच नर्व्ह कुठून निघाली आणि कुठल्या स्नायूत शिरली ते दिसतं.

बोन सेट मिळाला की प्रत्येक हाड आधी स्वतःच्या अंगाला लावून बघा. व्हायवात (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न ठरलेला : हे हाड कुठल्या बाजूचं? फीमर (मांडीचं हाड) असेल तर गोल डोकं आत आणि वर, लिनिया अ‍ॅस्पेराची खरबरीत रेघ मागे. तसं धरलं की उजवं-डावं आपोआप कळतं. क्लॅव्हिकलचं (गळ्याखालच्या आडव्या हाडाचं) चपटं टोक बाहेर, खांद्याकडे. आणि समोर झोपलेल्या देहाची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. हे वाचताना बाळबोध वाटतं, परीक्षेत चांगली चांगली मुलं इथे घसरतात.

आता वरचा हात, अपर लिंब. पहिल्या वर्षाचं सगळ्यात मोठं भूत म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस. मानेच्या मणक्यांपासून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं हे जाळं; C5 ते T1 या पाच मुळांची ही गुंतागुंत वाचून येत नाही, काढून येते. फळ्यावर, वहीच्या मागच्या पानावर, एसटीत बसल्या बसल्या तिकिटाच्या पाठीवर. न बघता दोन मिनिटांत काढता आली की थांबा. पुढची गंमत अशी की, प्रत्येक स्नायूचा नर्व्ह सप्लाय सुटा पाठ करावा लागतच नाही. स्नायू कप्प्याकप्प्यांत असतात आणि कप्प्याला साधारण एक नर्व्ह असते. दंडाच्या आणि फोरआर्मच्या मागच्या बाजूला सरळ रेडियल. दंडाच्या पुढे मस्क्युलोक्युटेनियस. फोरआर्मच्या पुढे मीडियन, अपवाद दीड स्नायूचा : फ्लेक्सर कार्पी अल्नारिस आणि फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचा करंगळीकडचा अर्धा भाग अल्नारकडे. तळहातात उलट, जवळजवळ सगळं अल्नारचं. अंगठ्याच्या उंचवट्यातले तीन स्नायू आणि पहिले दोन लंब्रिकल (तळहातातले बारीक स्नायू) तेवढे मीडियनचे. नियम लक्षात ठेवायचा आणि अपवाद मोजून.

मग हे लगेच अंगावर तपासायचं. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती मीडियल एपिकाँडाइलच्या (कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याच्या) मागून जाणारी अल्नार नर्व्ह. तिथे बोट फिरवा, दोरीसारखी हाताला लागते. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये कागद धरा आणि मित्राला तो ओढायला सांगा. अल्नार शाबूत असेल तर अंगठा सरळ राहून कागद धरतो. ती निकामी असेल तर अंगठा तळहाताकडे ओढणाऱ्या अ‍ॅडक्टर पॉलिसिसमध्ये ताकद नसते, म्हणून अंगठा टोकाशी वाकतो; मीडियनवर चालणारा लांब फ्लेक्सर मदतीला आलेला असतो. ही फ्रोमेंटची टेस्ट. पेशंट तुम्हाला पुढे भेटेल, पण अ‍ॅनाटॉमी त्याच कागदाच्या तुकड्यात आहे. रूममेटच्या अंगावर स्केचपेनने सरफेस मार्किंग (आतल्या भागांच्या जागा कातडीवर आखणं) करत बसा, लोक हसतील, हसू द्यात.

फिजिओलॉजीत यातलं काहीच चालत नाही. इथे पाठ केलेली व्याख्या पहिल्याच ‘का’ला कोसळते. उदाहरण घ्या : झोपलेला माणूस उठून उभा राहिला. काय होतं? अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पायांतल्या आणि पोटातल्या व्हेन्समध्ये उतरतं. मग हृदयाकडे कमी परततं. मग प्रत्येक ठोक्याला कमी बाहेर पडतं. मग बीपी खाली यायला लागतं. मानेतल्या कॅरोटिड सायनस आणि हृदयाजवळच्या एओर्टिक आर्चमधल्या बॅरोरिसेप्टर्सचे (दाब ओळखणाऱ्या टोकांचे) संदेश कमी होतात, मेंदूच्या तळाशी असलेल्या मेड्युलाला ते कळतं, ठोके मंद ठेवणाऱ्या व्हेगस नर्व्हचा लगाम सैल होतो, ठोके वाढवणारी सिंपथेटिक यंत्रणा जोर धरते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी सावरतं. हे सगळं काही सेकंदांत. यातला एक ‘मग’ गाळून बघा, पुढचं काहीच सांगता येत नाही. डिसेक्शन हॉलमध्ये घेरी येते तेव्हा हीच यंत्रणा उलटी फिरते : व्हेगसचा जोर वाढून ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूला रक्त कमी पडतं. म्हणून आडवं करायचं आणि पाय वर. आणि पुढे वॉर्डात, बरेच दिवस पडून असलेल्या आजोबांना तुम्ही एकदम उभं करणार नाही. आधी कडेला बसवाल, पाय खाली सोडून घोटे वर-खाली करायला लावाल, मग उभं. पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात म्हणून.

या विषयाचा स्वभावच असा आहे. विल्यम हार्वेने 1628 मध्ये रक्ताभिसरण मांडलं तेव्हा केशवाहिन्या कुणी पाहिलेल्याच नव्हत्या, त्या मालपीगीला 1661 मध्ये मायक्रोस्कोपखाली दिसल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या जोडीला हार्वेकडे एक साधा हिशोब होता : एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त गुणिले ठोके. अर्ध्या तासाचा आकडाच इतका येतो की, एवढं रक्त शरीर नव्याने बनवत असेल हे शक्य नाही, तेच फिरून येत असणार. तुम्हीही करा : 70 मिली गुणिले 72 ठोके, मिनिटाला पाच लिटर. हा आकडा डोक्यात पक्का बसला की कार्डियाकचा निम्मा धडा त्याच्याभोवती जुळतो.

प्रॅक्टिकलला बीपी घेताना घाईने स्टेथो लावू नका. आधी रेडियल पल्सवर बोट ठेवून कफ फुगवायचा, पल्स नाहीशी होते तो आकडा बघायचा, आणि मग त्याच्या थोडं वर नेऊन कोरोटकॉफचे आवाज (कफ सैलावताना आर्टरीत ऐकू येणारे ठोके) ऐकायचे. काही लोकांत आवाज मध्येच गायब होऊन पुन्हा सुरू होतात. आधी पल्स न बघणाऱ्याला तिथे बीपी खोटंच कमी मिळतं. परीक्षक नेमकं हेच विचारतात. रक्ताच्या प्रॅक्टिकलला बोट आपलंच टोचायचं असतं. पहिला थेंब पुसून टाका, आणि रक्त यावं म्हणून बोट पिळू नका, टिश्यू फ्लुइड मिसळून आकडे बिघडतात.

थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळं पास व्हावं लागतं, म्हणून बोलायची सवय आधीपासून लावा. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर नक्कीच. समजून घेताना खुशाल मराठीत घ्या, मी तेच करायचो. पण उत्तर मोठ्याने, इंग्रजीत, रूममेटला सांगून बघा. व्हायवात उत्तर येत नसेल तर गप्प बसण्यापेक्षा जे येतं तिथून सुरुवात करा. हाडाचं नाव, बाजू, त्यावर लागणारा एखादा स्नायू. बहुतेक परीक्षक तिथून स्वतःच धागा पुढे नेतात. स्पॉटिंगला घंटा वाजली की टेबल सोडायचं, मागच्या टेबलाचा विचार मागेच ठेवायचा.

आणि वर्ष संपल्यावर अपर लिंब, लोअर लिंबच्या वह्या ज्युनियरला देऊन टाकू नका, झेरॉक्स द्या. बायोमेकॅनिक्सला (शरीराच्या हालचालींच्या विषयाला) त्याच पुन्हा उघडाव्या लागतात.