शोकसभेत बोलायचं आहे? भाषण असं तयार करा

घरातलं कोणी गेलं की दोन-तीन दिवसांत कुणीतरी हळूच म्हणतं, "शोकसभेत तू बोल." अशा वेळी लगेच लिहायला बसू नका. आधी फोन उचला.

१. आधी विचारा

जुना मित्र, शेजारी, सहकारी, घरातलं लहान मूल अशा सात-आठ जणांशी बोला. "कसे होते?" विचारलं की "फार चांगले होते" एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा "शेवटचे भेटलात तेव्हा काय करत होते?" असं विचारा. माझे काका गेले तेव्हा तीन जणांनी मला एकच गोष्ट सांगितली. निरोप देताना काका जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत यायचे आणि गाडी वळेपर्यंत हात वर करून उभे राहायचे. हे फक्त आपल्यासाठीच, असं तिघांनाही वाटत होतं. सभेत मी हे सांगितलं आणि एकमेकांना न ओळखणारी माणसं मान वळवून एकमेकांकडे बघू लागली. सगळ्यांना जोडणारी अशी गोष्ट विचारल्याशिवाय सापडत नाही.

२. ती गोष्ट मध्यभागी ठेवा

जन्म, शिक्षण, नोकरी दोन वाक्यांत उरका. माणूस तापट असेल तर तेही येऊ द्या. सगळ्यांना ठाऊक असताना "कधी रागावले नाहीत" म्हटलंत, तर पुढच्या खऱ्या वाक्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. जुनी भांडणं मात्र नकोत.

३. 'माझं' कमी, 'आपलं' जास्त

गांधीजींची हत्या झाली त्या दिवशी, ३० जानेवारी १९४८ला, नेहरू रेडिओवरून बोलले. प्रकाश गेला तो 'आपल्या' सर्वांच्या आयुष्यातून, असं त्यांनी म्हटलं. पुढे स्वतःलाच थांबवून ते म्हणाले की प्रकाश गेला म्हणण्यात मी चुकलो, हा प्रकाश साधासुधा नव्हता. त्यांनी आधी सर्वांचं दुःख बोलून दाखवलं आणि मगच धीर दिला. हा क्रम उलटा करू नका. रडू ओसरण्याआधी दिलेला धीर टोचतो.

४. थोडक्यात बोला

१९ नोव्हेंबर १८६३ला अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या सैनिकी दफनभूमीत नामांकित वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन जेमतेम दोन मिनिटं. लोकांच्या लक्षात राहिले ते लिंकन यांचे सुमारे २७० शब्द. तुम्हाला चार-पाच मिनिटं पुरेत. आदल्या रात्री दोनदा मोठ्याने वाचा. गळा दाटतो ती जागा कळेल; तिथे खूण करा, थांबा, पाणी प्या. एक प्रत शेजारी बसणाऱ्याकडे द्या. आवाज फुटलाच नाही तर तो पुढचं वाचेल.

५. कागद जपा

सभा झाल्यावर त्यावर तारीख घाला, कोण कुणाचं कोण ते समासात लिहा आणि प्रती घराघरांत द्या. काकांना कधीही न पाहिलेल्या त्यांच्या नातीने परवा तो कागद वाचला आणि माझा हात धरून म्हणाली, "ती पायरी दाखव ना."