माजी सैनिकांच्या आठवणी नोंदवायला गाडी घेऊन निघताना

श्रवणयंत्राचे सेल. बाकीचं नंतर वाचा, आधी हे घ्या. गेल्या खेपेला आम्ही माईक तीन नेले, कार्डं चार नेली आणि हेच विसरलो. त्या दोन तासांच्या नोंदणीत लढाई पाहिलेल्या माणसापेक्षा त्याच्या मुलाचाच आवाज जास्त आहे. आजोबांना प्रश्न ऐकू आला नाही की घरातलं कुणीतरी त्यांच्या वतीनं उत्तर देतं, मग ते स्वतः गप्प बसतात. 1971 ला विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीला आहे आणि 1965 चा ऐंशी ओलांडून गेलाय. तोफखान्यातला असेल तर कान गेलेलेच धरून चला.

सेल चार मापांत येतात आणि वेष्टनावरच्या रंगावरून ओळखता येतात: 10 नंबर पिवळा, 312 तपकिरी, 13 केशरी, 675 निळा. निघण्याच्या आठवडाभर आधी घरी फोन करून रंग विचारा, आणि तरीही चारही रंगांचं एकेक पाकीट कोल्हापुरातूनच घ्या. गावच्या मेडिकलमध्ये मिळतील या भरवशावर राहू नका. सेलवरचा कागद काढला की आत हवा शिरते आणि तो उतरायला लागतो, मग वापरा किंवा वापरू नका. म्हणून आदल्या दिवशी फोडायचे नाहीत. कागद काढून मिनिटभर उघडा ठेवायचा, मग यंत्रात घालायचा. खिशात ठेवायचं जुन्या पद्धतीचं, पेटीसारखं श्रवणयंत्र असेल तर बहुधा साधा पेन्सिल सेल लागतो, तेही घ्या. यंत्र चार्जिंगचं असेल तर रात्री लावून ठेवायला सांगा. यंत्र कानात नीट बसलं नसलं तर शिट्टी वाजते आणि ती माईकमध्ये येते, म्हणून माईक कानाजवळ न लावता छातीवर लावा.

ओरडून काही होत नाही. बंदुकीच्या आवाजानं आधी बारीक, उंच पट्टीचं ऐकू येणं जातं, त्यामुळे खालच्या पट्टीत, सावकाश, तोंडासमोर बसून विचारा. उजव्या खांद्यावरून रायफल चालवणाऱ्याचा सहसा डावा कान जास्त बिघडलेला असतो, तेव्हा खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला टाका. सोबत पाटी-पेन्सिल न्या. प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून दाखवला की मध्येच बोलणारे नातेवाईकही थांबतात.

आता गाडी. ट्रॅव्हलर, म्हणजे आपली राहायची मोठी गाडी, पाणंदीत घालू नका. वळायला जागा नसते आणि विजेच्या तारा खाली असतात. सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना आधी सांगून हायस्कूलच्या मैदानात लावा. जुलै-ऑगस्टमध्ये शिरोळकडं जाऊच नका. सैनिक टाकळीला जायचं म्हटलं तर पाणी पुरतं उतरल्यावरच. 2019 आणि 2021 ला त्या तालुक्याचं काय झालं ते आठवा. ऊस सुरू झाला की रात्री गाडी चालवू नका, ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. आणि त्या ट्रॅक्टरवरची गाणी नोंदणीत येतात, म्हणून रस्त्याकडेचं घर असेल तर मागच्या खोलीत बसा. गाडी राहायला आणि सामानाला. मुलाखत त्यांच्याच घरात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ट्रॅव्हलरची पायरी चढवायची नाही. घरात अगदीच गोंगाट असेल तरच गाडीत, आणि तेव्हा खाली रुंद पाट ठेवा, दोघांनी हात द्या. आत घोंगडं टांगा, पत्र्याचा घुमणारा आवाज बसतो.

गाडीतली बॅटरी 12 व्होल्ट, 100 एएचची (अँपिअर-तास) शिशाची असेल तर 1200 वॅट-तासांपैकी निम्मेच वापरायचे, नाहीतर ती लवकर मरते. दोन दिवे मिळून चाळीस वॅट, लॅपटॉप साठ, छोटा पंखा पंधरा: सगळं चालू धरलं तर दोन तासांच्या मुलाखतीला 230 वॅट-तास. म्हणजे एकदा भरलेल्या बॅटरीवर दोन मुलाखती, तिसरी नाही. नोंदणी चालू असताना इन्व्हर्टर बंद, फ्रिज बंद, पंखा बंद. रेकॉर्डर सेलवर चालवा, चार्जरला लावला की घरघर येते. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, दोन चॅनल ठेवले तर तासाला साधारण एक जीबी होतो. हेडफोन घालून ऐकत बसा.

सेल घेतले का? पुन्हा बघा.

बसण्याआधी डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळालेलं नोंदीचं पुस्तक) आणि पदकं मागा. 'पूर्वी स्टार' हे पदक असेल तर 1971 ची पूर्व आघाडी, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिम. समर सेवा स्टार 1965 चा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी (पहिल्या) पलटणीतल्या माणसाला पंजाबच्या सीमेबद्दल विचारत बसलात तर पूर्व आघाडीवरची, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरची लढाई राहून जाईल. गावात सगळेच 'मेजर' असतात, पण नोंदीत हुद्दा डिस्चार्ज बुकातलाच लिहा. निवृत्तीनंतर मिळालेला ऑनररी हुद्दा असेल तर तोही वेगळा टिपा. समोर बोलताना मात्र 'साहेब' म्हणा. वीरपत्नी असतील तर त्यांची वेगळी वेळ घ्या, दिराच्या समोर नको.

वेळ सकाळी नऊ ते साडेअकरा. संध्याकाळी डेअरीत दूध घालायची गडबड असते. साखरेचं औषध चालू असेल तर जेवण लांबवू नका. रडू आलं तर माईक चालू राहू द्या, पण प्रश्न थांबवा.

संमतीपत्र मराठीत, एक पान, सही किंवा अंगठा. फायलीचं नाव तारीख-गाव-पलटण. त्याच रात्री दोन ठिकाणी नक्कल, कार्ड पुसायचं नाही. आठवड्यात पेन ड्राइव्ह घरी पोचवा. पाणी, औषधं, टायरची हवा वगैरे तुम्हाला माहीत आहे.

उरलेले सेल परत आणू नका. ज्यांच्या यंत्राला त्या रंगाचे लागतात, त्यांच्या घरी न फोडता ठेवून या.