टेक सूट पाण्यात क्वचितच फाटतो, फाटतो तो चेंजिंग रूममध्ये: या चुका टाळा

टेक सूट, म्हणजे पोहण्याच्या शर्यतीत घालायचा घट्ट सूट, महागडा असतो आणि त्याचे आयुष्य मुळातच थोडे असते. तो वर्षभर टिकावा म्हणून कोणी बनवत नाही, मोजक्या शर्यतींत पूर्ण ताकदीने काम द्यावे म्हणून बनवतात. साधारण अनुभव असा, की पहिल्या आठ-दहा शर्यतींत तो उत्तम असतो आणि पुढे हळूहळू ढिला पडतो. पण अनेकांचा सूट तिथवर पोहोचतच नाही. घालताना नख लागते, वॉर्म-अपमध्ये तासभर क्लोरीन खातो, नाहीतर ओल्या पिशवीत घरी जातो.

आधी कापड समजून घ्या, म्हणजे प्रत्येक सूचनेचे कारण कळेल. आजचा सूट पॉलिअमाइड आणि इलास्टेन या धाग्यांचा, विणलेला आणि अगदी पातळ. काही सूटांत कार्बन फायबरचे धागे असतात. शरीर आवळून धरण्याचे काम इलास्टेन करते आणि क्लोरीन सर्वांत आधी इलास्टेनलाच खाते. कापडावर पाणी न शोषणारा थर असतो, तो घासण्याने आणि साबणाने उतरतो. बऱ्याच सूटांत शिवण दोऱ्याची नसते. कापड जोडून त्यावर उष्णतेने पट्टी चिकटवलेली असते, त्यामुळे उष्णता हा तिसरा शत्रू. सूट बिघडतो तो या तीनपैकी एखाद्या ठिकाणी.

बऱ्याच वर्षांनी मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या, स्पर्धेत उतरणाऱ्यांच्या मनात अजून तरंगायला मदत करणारे जुने सूट असतात. २००८ मध्ये स्पीडोचा एलझेडआर रेसर आला आणि २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. त्यानंतर १ जानेवारी २०१० पासून फक्त कापडी सूटांना परवानगी उरली. पुरुषांसाठी बेंबीच्या खालपासून गुडघ्यापर्यंत, स्त्रियांसाठी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, चेन किंवा हूक नाही. आजचा सूट तुम्हाला तरंगवत नाही. तो मांड्या-नितंबांचा हलणारा भाग आवळतो, पाण्याचा विरोध थोडा कमी करतो आणि कंबर सरळ ठेवायला मदत करतो. कंबर मुळातच खाली बुडत असेल, तर आधी सरावाकडे पाहा.

माप घेताना

सरावाच्या सूटच्या साइजवरून टेक सूट मागवू नका. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचाही. मोजपट्टी घ्या आणि छाती, कंबरेचा सर्वांत बारीक भाग व नितंबांचा सर्वांत रुंद भाग मोजा. स्त्रियांनी आणखी एक माप घ्यावे: खांद्यावरून समोरून खाली, दोन पायांमधून मागे आणि पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत. नीस्किनच्या (स्त्रियांच्या खांदा ते गुडघा सूटच्या) पट्ट्या खांद्यात रुततात त्या बहुधा ही लांबी न मोजल्यामुळे. माप आजचे घ्या, पाच वर्षांपूर्वीचे नको. दोन साइजच्या मध्ये असाल आणि ५० मीटर पोहणार असाल तर लहान चालेल. २०० मीटर किंवा त्याहून लांब शर्यतीसाठी मोठी घ्या, कारण छाती आवळून श्वास तोकडा पडला की सूटचा सगळा फायदा तिथेच संपतो.

कडक सूट फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोकच्या स्प्रिंटला बरा. ब्रेस्टस्ट्रोकला कंबर आणि मांड्या मोकळ्या लागतात, तिथे जास्त ताणला जाणारा सूट निवडा.

घालताना

बरेच सूट इथेच जातात. पहिल्यांदा घालायला वीस ते तीस मिनिटे लागतात, हे धरूनच चला. घाई झाली की माणूस कंबरेची कड दोन्ही मुठींत धरून वर ओढतो आणि मागची शिवण उसवते. कारण साधे आहे: मांडीत कापड पुरेसे वर आलेले नसते, म्हणून सगळा ताण त्या एका शिवणीवर येतो.

अंग पूर्ण कोरडे हवे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बंद खोलीत अंगाला घाम सुटतो, तेव्हा पंख्याखाली उभे राहा. तेल, लोशन, सनस्क्रीन काही लावू नका. ते कापडात मुरते आणि वरचा थर बिघडवते. पावडरही नको. नखे कापलेली हवीत आणि अंगठ्या काढलेल्या हव्यात. पातळ रबरी हातमोजे पकडही देतात आणि नखांपासूनही वाचवतात.

पायात प्लास्टिकची पातळ पिशवी चढवा, म्हणजे कापड टाचेवरून सहज सरकते. दोन्ही पाय घालून कड गुडघ्याच्या वर आणा. आता बोटांच्या पेरांनी किंवा तळहातांनी थोडे थोडे कापड वर सरकवा, एकदा डावी मांडी, एकदा उजवी. चिमटीत धरून ओढू नका. दोन पायांच्या मध्ये मोकळी जागा उरली असेल तर कंबरेला हात लावू नका, परत खाली जाऊन मांडीतले कापड वर घ्या. मग नितंब, मग कंबर. नीस्किनच्या पट्ट्या अगदी शेवटी आणि एक-एक करून. पट्टी खांद्यावर ओढून बाकीचे कापड वर येईल अशी आशा धरली, की पट्टीच तुटते.

नवा सूट आधी हातात घेऊन उजेडात सगळ्या शिवणी तपासा. दोष दिसला तर लेबल न काढता परत करा. घालताना फाटलेला सूट बहुतेक कंपन्या बदलून देत नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी

वॉर्म-अप सरावाच्या सूटमध्येच करा. टेक सूट शर्यतीच्या पाऊण तास आधी घालायला घ्या. पूलच्या खडबडीत काठावर किंवा सिमेंटच्या पायऱ्यांवर बसू नका, एका बैठकीत मागचे कापड खरडते. टॉवेल अंथरा.

मास्टर्स स्पर्धांत एकाच दिवशी तीन-चार शर्यती असतात आणि खरा पेच मधल्या वेळेचा असतो. ओला सूट काढून पुन्हा चढवणे हे नवा कोरा सूट घालण्यापेक्षा अवघड, आणि फाटण्याचा धोकाही जास्त. अंतर अर्ध्या-पाऊण तासाचे असेल तर अंगावरच ठेवा, पट्ट्या खाली घ्या आणि वर टॉवेल गुंडाळा. अंतर मोठे असेल तर काढा, आणि दुसरा सूट असेल तर पुढच्या शर्यतीला तो वापरा. नवा सूट मुख्य शर्यतीसाठी आणि जुना बाकीच्यांसाठी, ही वाटणी घरीच ठरवून या.

पण तो थेट स्पर्धेतच पहिल्यांदा घालणे हीसुद्धा चूक आहे. एखाद्या सराव सत्रात दोन-तीन डाइव्ह, काही टर्न आणि दोन ५० मीटर त्यात पोहून पाहा. पाय वेगळे वाटतात, पाण्याखालची किक वेगळी वाटते.

धुताना, वाळवताना

काढताना आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली आणा. लगेच थंड, स्वच्छ पाण्यात खंगाळा. डिटर्जंट नको, सॉफ्टनर नको, मशीन तर नकोच, आणि पिळायचा नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग पंख्याखाली सावलीत आडवा पसरा. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने पट्ट्या लांबतात. पावसाळ्यात वाळायला रात्रभर लागेल, तोवर बॅगेत भरू नका. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या सूटच्या चिकटवलेल्या पट्ट्या सुटू लागतात.

समुद्रात, म्हणजे मालवणच्या चिवला किनाऱ्यासारख्या ठिकाणी पोहणार असाल, तर टेक सूट घरीच राहू द्या. वाळूचे कण विणीत अडकतात आणि प्रत्येक हालचालीबरोबर धागा कापतात.

बिघाड ओळखताना

डाइव्हनंतर कंबरेत किंवा पाठीत पाणी भरते: साइज मोठी आहे किंवा इलास्टेन गेले आहे. नवा असतानाही भरत असेल तर साइज, आधी भरत नव्हते आणि आता भरते तर इलास्टेन.

पायाला मुंग्या येतात: मांडीची कड गुडघ्याच्या अगदी वर अडकली आहे, कापड वर सरकवा. तरी थांबल्या नाहीत तर सूट लहान आहे.

पाण्याचे थेंब टाका. ते घरंगळण्याऐवजी कापडात जिरले, तर वरचा थर गेला आहे. इथे एक मोह टाळा: बाजारातला पाणी रोखणारा स्प्रे मारणे. सूटमध्ये कुठलाही फेरफार नियमाला धरून नाही, आणि असा लेप तर स्पष्टपणे मनाई असलेला आहे. टेक सूटच्या आत दुसरा सूट घालणेही नियमबाह्य आहे. विकत घेण्यापूर्वी मॉडेल जलतरणाची जागतिक संघटना असलेल्या वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे पाहा.

शेवटी उजेडासमोर धरून हलका ताणा. पांढुरके तुटके धागे किंवा आरपार दिसणारे पट्टे असतील, तर तो सूट स्पर्धेसाठी संपला. कापड अजून घट्ट असेल, तर सरावात वेगाच्या ५० मीटरसाठी वापरा. मागचा भाग पारदर्शक झाला असेल तर तोही नको.