कॉलेजची बास्केटबॉल फायनल बघायला जाताय? मग हे वाचाच

उद्या फायनल आणि आज झोप लागत नाहीये ना, मला पण दरवेळी असंच होतं, तर ऐका. मॅच नागपाड्याला असेल तर मुंबई सेंट्रलला उतरा आणि अर्धा तास तरी आधी पोचा, कारण वॉर्मअप अजिबात चुकवायचा नाही, आपला शूटर कोपऱ्यातून सलग किती टाकतोय, उडी मारून उतरताना पाय जपतोय का, बोटाला टेप आहे का, सगळं तिथेच कळतं.

स्कोअर तर बघालच पण फाउल मोजा, खरंच. क्वार्टर 10 मिनिटांचा, त्यात टीमचे 4 झाले की पाचव्यापासून समोरच्यांना 2 फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता मारायचे शॉट, आणि एका प्लेअरचे 5 झाले की तो बाहेर. गेल्या फायनलला आमचा सेंटर तिसऱ्या क्वार्टरलाच 4 वर, कोचने बसवला आणि आमची अख्खी बाजू गप्प, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

बॉल समोरच्यांकडे असेल तेव्हा घसा फाडून ओरडा, शॉट मारायला मिळणारे त्यांचे 24 सेकंद संपत आले की शेवटचे 5 सगळ्यांनी मिळून मोजा. आपला पोरगा फ्री थ्रोला उभा राहिला की मात्र चिडीचूप, ढोलवाल्याला आधीच सांगून ठेवा.