क्ले शूटिंगसाठी शॉटगन घेताय? मग या चुका टाळा

स्पोर्टिंग क्लेसाठी, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या फोडायच्या खेळासाठी, पहिली शॉटगन घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठल्या कंपनीची घेऊ? बेरेटा की ब्राउनिंग, आणि खिसा जड असेल तर पेराझी की क्रीगहॉफ. यावर तासन् तास चर्चा होते, व्हिडिओंवर व्हिडिओ बघितले जातात, पण आपला मुख्य डोळा कुठला, आपल्या हाताला स्टॉक (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) केवढा लागतो, एका दिवसात किती काडतुसं खांद्यावर झेलायचीत, हे कोणी विचारतच नाही. मग बंदूक घरी येते, तबकड्या फुटत नाहीत, चोक (नळीचं टोक आवळणारा तुकडा) बदला, काडतूस बदला, चष्मा बदला असं सगळं करून होतं आणि शेवटी बंदूकच विकायला निघते. हे इतक्यांदा बघितलंय की आता सविस्तर लिहूनच टाकतो.

एक गोष्ट आधी सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. ट्रॅप, स्कीट आणि स्पोर्टिंग हे क्ले शूटिंगचेच प्रकार. ट्रॅपमध्ये तबकडी तुमच्यापासून लांब जाते आणि चढत जाते. स्कीटमध्ये दोन ठरलेल्या घरांमधून ठरलेल्या वाटेनं येते. स्पोर्टिंगमध्ये असं काही ठरलेलं नसतं. एका स्टेशनवर डावीकडून उजवीकडे जाणारा क्रॉसर, पुढच्यावर डोक्यावरून येऊन समोर पडणारी, त्याच्या पुढे जमिनीवर उड्या मारत जाणारा रॅबिट, मधूनच 60 मिलीमीटरची मिनी जी जवळ असूनही लांब वाटते. म्हणजे बंदूक अशी हवी की विचार न करता खांद्याला लागली की जिथे नजर तिथे नळी. बाकी सगळं त्यानंतर.

डोळा न तपासता बंदूक घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती टाळायला अर्धं मिनिट पुरतं आणि पैसे अजिबात लागत नाहीत.

दोन्ही डोळे उघडे ठेवा, लांबच्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवा, आता डावा डोळा मिटा. बोट वस्तूवरच राहिलं तर तुमचा उजवा डोळा मुख्य. बोट बाजूला सरकलं तर डावा. उजव्या हातानं लिहिता म्हणून डोळाही उजवाच असेल असं काही नसतं, हाताचा आणि डोळ्याचा असा नियम नाही.

आमच्याकडे एक तरुण मुलगा यायचा, मेहनती, शांत, ऐकून घेणारा. 12 बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक) नवी कोरी ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची, 30 इंची नळ्या, अक्रोडाच्या लाकडावर सुंदर रेषा, बंदूक बघूनच चार लोक जवळ यायचे. आणि हा मुलगा डावीकडून उजवीकडे जाणारा क्रॉसर सतत मागे मारायचा. मागे उभे असलेले सगळे ओरडायचे, लीड (तबकडीच्या पुढे मारायचं अंतर) वाढव, अजून वाढव. त्यानं वाढवलं, तर उजवीकडून डावीकडे जाणारी तबकडी पुढे मारायला लागला. मग कोणीतरी म्हणालं चोक टाइट कर, केला. कोणीतरी म्हणालं 28 ग्रॅम छर्ऱ्यांच्या काडतुसात दम नाही, 32 ग्रॅम घे, तेही घेतलं, खांदा निळा झाला. असं कित्येक महिने चाललं, आणि तो हळूहळू यायचाच कमी झाला.

एकदा मी त्याच्या मागे न उभं राहता जरा बाजूनं बघत होतो, तर लक्षात आलं की कॉल देण्याआधी तो डावा डोळा किंचित बारीक करतोय आणि तबकडी उडाली की पुन्हा उघडतोय. बंदूक मोडून, म्हणजे सांध्यातून उघडून, रॅकवर ठेवायला सांगितली आणि बोटाची टेस्ट घेतली. डावा डोळा मिटल्याबरोबर बोट सरकलं. तो म्हणाला, "पण सर, मी तर सगळं उजव्यानंच करतो." उजवा खांदा आणि डावा मुख्य डोळा असला की नळीचं टोक डाव्या डोळ्याच्या रेषेत जाऊन बसतं, म्हणजे बंदूक डावीकडे वळते. उजवीकडे जाणाऱ्या तबकडीच्या मागे आणि डावीकडे जाणाऱ्या तबकडीच्या पुढे शॉट जाणारच. एक दिशा कायम मागे आणि उलटी दिशा कायम पुढे, हे दिसलं की आधी डोळ्याचा संशय घ्या, लीडचा नंतर.

चष्म्याच्या डाव्या काचेवर, डाव्या डोळ्याला जिथे नळीचं टोक दिसतं नेमकं तिथे, नखाएवढा धुरकट टेपचा तुकडा चिकटवला. बंदूक तीच, चोक परत आधीचा, काडतूस 28 ग्रॅमचं, आणि तो क्रॉसर फुटला. पण खरा मुद्दा पुढे आहे. पुढे त्यानं डाव्या खांद्यावरून शिकायचं ठरवलं, जे नवख्यासाठी माझ्या मते सगळ्यात चांगलं उत्तर आहे, आणि तेव्हा कळलं की ती सुंदर बंदूक आता त्याच्या कामाची नाही. उजव्या माणसासाठी स्टॉक थोडा उजवीकडे वळवलेला असतो, त्याला कास्ट म्हणतात, ग्रिपवरचा फुगवटाही उजव्या तळहातासाठीच असतो. बंदूक तोट्यात विकावी लागली.

स्टॉक अंगाला बसतो की नाही हे न बघणं

शॉटगनला मागची साइट नसते, तुमचा डोळाच मागची साइट असतो. हे पटलं की फिटिंगबद्दलचे निम्मे वाद संपतात. गाल जिथे टेकतो ती स्टॉकची वरची धार, तिला कोम म्हणतात. ती जास्त उंच असेल तर डोळा वर जातो आणि मार वर लागतो. खाली असेल तर डोळा नळीच्या मागे लपतो, मग माणूस दिसावं म्हणून डोकं उचलतो. रेंजवर ज्याला त्याला "डोकं उचलू नकोस" असं सांगितलं जातं, पण त्याला खाली ठेवून दिसतच नसेल तर तो बिचारा काय करणार?

लांबीचंही तसंच. स्टॉक लांब असला की खांद्याला लावताना काखेत कपड्याला अडकतो, आखूड असला की फायर झाल्यावर अंगठा नाकावर येतो. दंडाला स्टॉक लावून ट्रिगरपर्यंत बोट पोचतंय का बघायची एक जुनी पद्धत आहे, दुकानात बरेच जण तेवढंच करतात. माझा तिच्यावर विश्वास नाही. मान किती लांब, खांदे किती रुंद, गाल किती भरलेला, यातलं काहीच त्यात कळत नाही.

मी काय करतो ते सांगतो. रिकामी बंदूक, दोनदा तपासलेली, सुरक्षित दिशेला तोंड. डोळे मिटून खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, मग डोळे उघडायचे. रिबच्या (नळीवरच्या सपाट पट्टीच्या) मधोमध नजर जात असेल आणि रिब थोडीशीच दिसत असेल तर पुढे बोलू. डोळे उघडल्यावर मान हलवून जुळवावं लागत असेल तर नाही. आणि नंतर प्लेट. 16 यार्डांवर रंगवलेली लोखंडी प्लेट किंवा मोठा कागद, मधे खूण. नेम धरायचा नाही, बंदूक वर, नजर खुणेवर, फायर. असे पाच-सहा शॉट झाले की छर्ऱ्यांचा घोळका कुठे जमतोय ते स्पष्ट दिसतं. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक यार्ड धरलं तर 16 यार्डांवर एक इंच चूक म्हणजे स्टॉकमध्ये एक इंचाचा सोळावा भाग फरक. मार दोन इंच वर लागतोय तर कोम एक अष्टमांश इंच खाली हवी. इतका सरळ हिशोब असताना लोक महिनोन् महिने अंदाजानं का खेळतात हे मला खरंच कळत नाही. ॲडजस्टेबल कोम असलेली बंदूक मिळत असेल तर नवख्यानं तीच घ्यावी, दिसायला तेवढी सुंदर नसली तरी.

हलकी बंदूक चांगली वाटणं

दुकानात उचलली, हलकी लागली, मस्त वाटली, घेतली. दुकानात बंदूक एकदा उचलता हो, रेंजवर एका राउंडला शंभर तबकड्या असतात. तेच काडतूस हलक्या बंदुकीतून जास्त जोरात मागे मारतं, हे साधं भौतिकशास्त्र आहे. शिवाय हलकी बंदूक पटकन सुरू होते तशी पटकन थांबतेही, आणि स्विंग (तबकडीबरोबर बंदूक फिरवणं) थांबला की शॉट मागे. शिकारीच्या, दिवसभर खांद्यावर घेऊन फिरायच्या तीन किलोच्या आतबाहेरच्या बंदुका क्लेवर लोकांना उगाच रडवतात. 12 बोअरमध्ये साडेतीन किलोच्या पुढेमागे वजन आणि 30 इंची नळ्या, बहुतेक मोठ्या माणसांना हे जमतं. उंचीनं फार लहान असाल तर 28 इंची. 32 इंचीही चालते, पण लांब नळीनं छर्रे लांब जातात हा समज सोडा, वेगात फारसा फरक पडत नाही, लांबीचा उपयोग स्विंग गुळगुळीत होण्यासाठी आहे.

याच्याच उलटी चूक म्हणजे रिकॉइल (खांद्यावर बसणारा धक्का) नको म्हणून नवख्याच्या हातात फार बारीक नळीची .410 देणं. कृपा करून हे करू नका. 8 नंबरचे छर्रे एका औंसात साधारण 410 येतात, .410 च्या अर्ध्या औंसाच्या काडतुसात ते निम्मेच, म्हणजे चूक सावरायला जागाच उरत नाही. ती बंदूक मुरलेल्या माणसाची आहे. खांदा नाजूक असेल तर गॅसवर चालणारी, दर फायरनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी 12 बोअरची सेमी-ऑटो आणि 24 ग्रॅमचं काडतूस द्या, किंवा 20 बोअर. फक्त घेण्याआधी त्या सेमी-ऑटोतून तेच 24 ग्रॅमचं काडतूस चालवून बघा, मोठ्या मॅग्नम काडतुसांसाठी बनवलेल्या काही बंदुका हलक्या काडतुसावर अडकतात. आणि सेमी-ऑटो साफ करायचा कंटाळा असेल तर घेऊच नका, गॅस पिस्टनवर काजळी साचली की ती बरोब्बर मॅचमध्ये बंद पडणार.

बाकीच्या पटापट. स्वस्तात मिळाली म्हणून ट्रॅपची बंदूक घेऊ नका, ती मुद्दाम वर मारायला बनवलेली असते कारण तिथे तबकडी चढत असते, स्पोर्टिंगमध्ये पडणाऱ्या तबकडीच्या वरून सगळे छर्रे जातील. पंप ॲक्शननं (हातानं स्लाइड ओढून काडतूस भरायच्या बंदुकीनं) लागोपाठच्या दोन तबकड्यांच्या जोड्या मारता येतात पण स्लाइड ओढताना नजर आणि गाल दोन्ही हलतात, शिकताना ते कशाला? साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी दोन नळ्यांची) मला स्वतःला फार आवडते, पण पहिली बंदूक म्हणून नाही.

चोकबद्दल थोडं बोलावंच लागेल. प्रत्येक स्टेशनवर रेंच काढून चोक बदलणारे नवखे बघितले की मला त्रास होतो, कारण ते तबकडी बघायचं सोडून चोकच्या डब्यात बघत असतात. 12 बोअरमध्ये इम्प्रूव्ह्ड सिलिंडर म्हणजे नळी साधारण 10 हजारांश इंच आवळलेली, मॉडिफाइड म्हणजे 20 हजारांश. खालच्या नळीत पहिला, वरच्या नळीत दुसरा, घट्ट बसवा आणि पूर्ण सीझन विसरून जा. 20 ते 40 यार्डांमधलं बहुतेक सगळं यात येतं. दोन फूट मागे गेलेला शॉट कुठल्याही चोकनं फुटत नाही. डबा हवाच कशाला असं मी म्हणत नाही, पण ज्याच्या दहातल्या सात-आठ नेहमी फुटतात त्यानंच उघडावा. हां, चोक सैल झालाय का हे मात्र दर दोन-तीन स्टेशननंतर बघा, बंदूक मोडून, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामे आहेत हे डोळ्यांनी बघून.

आणि घरात 12 आणि 20 दोन्ही बोअर असतील तर दोन्हीची काडतुसं एका पिशवीत, एका खिशात कधीही नाही. 20 चं काडतूस 12 च्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं, वरून बघितलं तर चेंबर रिकामा वाटतो, माणूस मागे 12 चं भरतो, ट्रिगर दाबतो आणि नळी फुटते, तेही पुढचा हात जिथे असतो तिथेच. 20 ची काडतुसं पिवळी ठेवायची पद्धत यासाठीच पडली. तरी मी रंगावर विसंबत नाही, एका दिवशी रेंजवर एकच बोअर नेतो, दुसऱ्याची काडतुसं घरीच कुलपात.

जुनी बंदूक नुसती चकाकी बघून घेणं

जुनी घ्यायला माझी अजिबात ना नाही, उलट नवख्यानं चांगली जुनीच घ्यावी. पण पॉलिश बघून नाही. आधी रिकामी आहे हे तपासा. पुढचं लाकूड काढा आणि बंदूक बंद करून हलवा, सांध्यात खुळखुळ जाणवली तर ती ढिली झालीय. वरचा लिव्हर बंद असताना मधोमधच्या थोडा उजवीकडे थांबत असेल तर चांगलं, मधल्या रेषेच्या डावीकडे गेलेला असेल तर भरपूर वापर झालाय. नळ्या वेगळ्या करून एका बोटावर टांगा आणि टिचकी मारा, स्वच्छ आवाज यायला हवा, बद्द आवाज आला तर रिब कुठेतरी सुटलीय. नळीतून उजेडाकडे बघा, आतल्या प्रकाशाच्या कड्या गोल हव्यात, कुठे दबलेल्या दिसल्या तर बाहेरून पोचा असणार. डमी काडतुसं टाकून दोन्ही इजेक्टर (काडतूस बाहेर फेकणारे भाग) चालवून बघा. आणि सगळ्यात शेवटी दोन्ही चोक स्वतःच्या हातानं काढून बघा. विकणारा म्हणेल की गंजलेत थोडे, तेल टाका, निघतील. निघत असते तर त्यानंच काढले असते. ती बंदूक तिथेच ठेवा आणि दुसरी बघा.