कपाळावरचा बुक्का बाजूला ठेवून आमदाराचं काम कसं तपासावं

आषाढी जवळ आली की आमच्या फाट्यावर बॅनर लागतो. गळ्यात वीणा, कपाळी बुक्का, मागे दिंडी, आणि मधोमध आमचे आमदार. मी स्वतः माळकरी. घरात दारू-मांस नाही, आणि आपला लोकप्रतिनिधी धर्माला धरून वागणारा असावा असं मला वाटतं, हे लपवत नाही. पण बॅनर बघून दोनदा मत दिलं आणि दोनदा फसलो. म्हणून गेल्या निवडणुकीआधी आमदारांची पाच वर्षं कागदावर मांडली. ती पद्धत सांगतो. ज्यांचा कल वेगळा आहे त्यांनी विषय बदलून हीच वापरावी.

आधी आपली यादी करा

"धर्मासाठी काम केलं" हे मोजता येत नाही. मी चारच विषय घेतले: गोवंश, दारूची दुकानं, देवस्थानांचा कारभार, आणि वारी-कीर्तनाला हात लावू शकणारे कायदे. विषय राज्याच्या अखत्यारीतलेच हवेत. 370 कलमाचं श्रेय आमदाराच्या खात्यात घालू नका, तो संसदेचा विषय होता.

कोणी काय केलं, ते तारखेवरून पकडा

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. गोवंश हत्याबंदीचंच घ्या. गाईंच्या कत्तलीवर बंदी 1976 च्या कायद्याने आली. बैल आणि वळूंना त्यात आणणारी दुरुस्ती विधिमंडळाने 1995 साली मंजूर केली. राष्ट्रपतींची मान्यता मिळून ती लागू झाली 2015 मध्ये. म्हणजे जो माणूस 2014 ला पहिल्यांदा निवडून आला, त्याने या दुरुस्तीवर मत दिलेलंच नाही, मग भाषणात काहीही सांगो. तसंच सप्टेंबर 2024 मध्ये देशी गाय "राज्यमाता-गोमाता" जाहीर झाली आणि गोशाळांना गाईमागे रोज 50 रुपये ठरले, ते सरकारच्या निर्णयाने. मला तो निर्णय आवडला. पण तो सभागृहातला कायदा नव्हता, आणि विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती, हेही वहीत लिहून ठेवलं.

मग खरा प्रश्न विचारायचा: कायदा लागू झाल्यावर शेतकऱ्याच्या दावणीला उभ्या म्हाताऱ्या बैलाचं काय, चाऱ्याचं काय, यावर आमच्या आमदारांनी कधी तोंड उघडलं का?

कायदा स्वतः वाचा

2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा मीही विरोधात घोषणा दिल्या होत्या. कीर्तन बंद होणार, वारी बंद होणार, असं ऐकलं होतं. पुढे मूळ मजकूर वाचला. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, असल्या गोष्टींवर बंदी आहे. त्याला माझ्यासारख्या माळकऱ्याने विरोध का करावा? आमचे संत तरी दुसरं काय सांगत होते? तेव्हा "मी त्या कायद्याला विरोध केला" असं कोणी मिरवत असेल, तर कोणत्या कलमाला, हे विचारा.

सभागृहातलं बोलणं शोधा

महाराष्ट्रात बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. "होय" म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा ठरला की झालं. कोण "होय" म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण बाहेर चहा पीत होतं, याची नोंद राहत नाही. नावानिशी नोंद हवी तर मतविभागणी मागावी लागते, आणि ती क्वचितच मागितली जाते. त्यात पक्षाचा व्हिप, म्हणजे अमक्याच बाजूने मत द्या असा आदेश. म्हणून मतापेक्षा आमदाराने आपणहून काय मांडलं ते बघा: तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), अर्धा तास चर्चा, अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं). विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नांच्या याद्या आणि कार्यवाही सापडते. एका प्रश्नाखाली दहा-बारा नावं असतात. आपल्या आमदाराचं नाव नुसतं आठवं आहे, की उपप्रश्नही त्यांनीच विचारला, हे कार्यवाहीत कळतं. सही करायला काही लागत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. आमदार मंत्री किंवा विधानसभेचे अध्यक्ष असतील तर ते प्रश्न विचारत नाहीत. तिथे शून्य दिसलं म्हणून दोष देऊ नका.

दारूच्या दुकानावर परीक्षा घ्या

माझ्या मते ही सगळ्यात चोख कसोटी. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून दारूचं दुकान बंद करायची मागणी केली, की पडताळणीनंतर गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या! जी बाई ऊसतोडीला गेली तिचं न पडलेलं मतही बाटली उभी ठेवतं. म्हणून त्या दिवशी बायकांना केंद्रापर्यंत आणायला आमदारांचे कार्यकर्ते होते का, की गाड्या आणि पोरं दुसऱ्याच बाजूला पळत होती, ते गावाला विचारा. गाव बरोबर सांगतं. चंद्रपूरची 2015 ची दारूबंदी 2021 मध्ये मंत्रिमंडळाने उठवली, तेव्हा आपले आमदार काय बोलले, हेही जुन्या वर्तमानपत्रात शोधा.

निधी आणि शपथपत्र

आमदार निधी वर्षाला 5 कोटी. कोणती कामं सुचवली याची यादी जिल्हा नियोजन कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, विषय एकच ठेवा, मजकूर 150 शब्दांत बसवा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. यादीत "सभामंडप बांधणे" बरेचदा दिसेल. जाऊन बघा. मी पाहिलेल्या एका मंडपाची कोनशिला चकचकीत होती आणि पत्रे पहिल्याच पावसात गळत होते.

शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं: गुन्हे, मालमत्ता, कर्ज. दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवा, बाकी काही करायला नको. देवस्थान समितीवर आमदार किंवा त्यांचे नातलग आहेत का, तेही बघा. पंढरपूरचं मंदिर 1973 च्या कायद्याने सरकारने नेमलेल्या समितीकडे आहे. अशा ठिकाणी नेमणुका राजकारणातूनच होतात, आणि हिशेब विचारायला आपण देवाला भिऊन कचरतो.

शेवटी समोर जा

मी दोन पानी कागद घेऊन संपर्क कार्यालयात गेलो. चार विषय, प्रत्येकासमोर तारखा, आणि तीन ठिकाणी "काही आढळले नाही". आमदारांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"माउली, हे तुम्हाला कोणी लिहून दिलं?"

"तुमच्याच सभागृहाच्या कार्यवाहीतून काढलंय, साहेब."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि स्वीय सहायकाला झेरॉक्स काढायला सांगितलं. एक प्रत मला परत दिली, एक ठेवून घेतली.